मुंबईत केल्प का नाही? आणि शेवाळाची यादी वाचताना महिना का विचारायचा

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात 'या प्रजाती मुंबई बेटावरून नामशेष झाल्या आहेत' असं एक वाक्य होतं. माझ्या मते त्यात चूक काहीच नव्हती. एका बाजूला 1935 साली छापलेली मुंबईच्या समुद्री शेवाळांची यादी होती. दुसऱ्या बाजूला प्रियदर्शिनी पार्कच्या मागचे, हाजी अलीचे आणि वरळीचे खडक मी स्वतः पालथे घातले होते. जुन्या यादीतलं बरंच काही मला सापडलं नव्हतं, म्हणून मी ते 'नामशेष' ठरवलं.

मॅडमनी मसुदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "तू खडकावर कुठल्या महिन्यात गेली होतीस?"

मी एप्रिल-मेमध्ये गेले होते. डिसेंबरात कोर्सवर्क होतं, पावसाळ्यात खडकावर उतरायची सोय नव्हती. मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि कागद परत दिला.

त्या प्रश्नामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्याकडे फारसा नसलेल्या एका शेवाळापासून सुरू होतो. ते म्हणजे केल्प.

आधी केल्प म्हणजे काय

थंड समुद्रात खडकाला धरून वाढणारं मोठं, तपकिरी शेवाळ म्हणजे केल्प. कॅलिफोर्नियाचं मॅक्रोसिस्टिस कित्येक मीटर उंच वाढतं आणि पाण्याखाली अक्षरशः जंगल उभं करतं. जपानी सूपमध्ये घालतात तो कोंबू म्हणजेही केल्पच. भारताच्या किनाऱ्यावर केल्प नाही. याचं उत्तर आपण पटकन देतो, 'आपलं पाणी गरम आहे ना!' उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. गरम पाण्यात केल्पचं नेमकं काय अडतं? मोठं झाड मरतं, की त्याला पिल्लंच होत नाहीत? या दोन प्रश्नांतला फरक शास्त्रज्ञांना कळायला निदान पन्नास वर्षं लागली.

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सेचेल यांनी 1893 मध्ये केल्पच्या जगभरच्या वाटणीवर निबंध लिहिला. समुद्राच्या तापमानाच्या रेषा नकाशावर ओढायच्या आणि कुठली जात कुठल्या पट्ट्यात येते ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत होती. ती चांगली चालली. पण सेचेल पाहत होते ती सगळी डोळ्यांना दिसणारी, मोठी झाडं. केल्पचं दुसरं आयुष्य तोवर कुणी पाहिलंच नव्हतं.

1915: सूक्ष्मदर्शकाखालचं दुसरं आयुष्य

केल्पच्या पात्यावर गडद चट्टे येतात, त्यांना सोरस म्हणतात. त्यातून पोहणारे बीजाणू बाहेर पडतात, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. समज असा होता की बीजाणू खडकावर बसतो आणि त्याचं थेट नवं झाड होतं, म्हणजे नर-मादी वगैरे भानगडच नाही.

1915 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या कामीय सोवाजो यांनी सॅकोऱ्हायझा नावाच्या केल्पचे बीजाणू वाढवून पाहिले, आणि वेगळंच दिसलं. बीजाणूपासून झाड न होता काही पेशींचे बारीक धागे तयार झाले. काही नर, काही मादी. मादीवर अंडं, नराकडून शुक्रपेशी, आणि फलन झाल्यावर मग कुठे ते ओळखीचं मोठं झाड. त्या बारीक धाग्याला गॅमिटोफाइट म्हणतात (मराठी विश्वकोशात गंतुकधारी), आणि मोठ्या झाडाला स्पोरोफाइट (बीजुकधारी). नेटच्या तयारीत 'विषमरूपी पिढ्यांतर' असं एका ओळीत पाठ करतो ते हेच.

ही ओळ पाठ करताना एक गोष्ट निसटते. या शोधानंतर 'केल्पला किती तापमान चालतं' हा प्रश्न एकच उरला नाही, त्याचे निदान चार झाले. मोठं झाड कुठवर जगतं? ते सोरस कधी धरतं? सूक्ष्म धागा कुठवर जगतो? आणि तो अंडं कधी घालतो? चारही उत्तरं वेगळी असू शकतात.

फॅरोहून मुंबईला

आता मुंबईकडे येऊ. डेन्मार्कचे फ्रेडरिक बॉर्गेसन (जन्म 1866) यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांच्या शेवाळांवर मोठं काम केलं होतं. म्हणजे केल्पचं राज्य असलेला किनारा त्यांनी बारकाईने पाहिलेला होता. पुढे ते वेस्ट इंडीजच्या गरम पाण्यातल्या शेवाळांकडे वळले, आणि साठी ओलांडल्यावर, 1927-28 च्या हिवाळ्यात, भारतात आले. मुंबई, द्वारका, ओखा इथल्या किनाऱ्यांवर त्यांनी नमुने गोळा केले. 1930 पासून 'मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरची' हिरवी, तपकिरी आणि लाल शेवाळं या विषयावर त्यांचे लेख भारतीय आणि ब्रिटिश नियतकालिकांत हप्त्याहप्त्याने आले. 1935 मध्ये कोपनहेगनहून 'मुंबईच्या समुद्री शेवाळांची यादी' ही पुस्तिका निघाली. माझ्या मसुद्यातली जुनी यादी ती हीच.

ही वर्षं मुंबईच्या किनाऱ्यासाठीही साधी नव्हती. बॅकबे रेक्लमेशनचं काम त्याच दशकात चाललं होतं आणि त्यातल्या उधळपट्टीवर के. एफ. नरिमन यांनी रान उठवलं होतं. आज ज्यांच्या नावाने नरिमन पॉइंट आहे ते हेच. म्हणजे गिरगावच्या दक्षिणेला किनारा भरला जात असतानाच त्याच शहराच्या शेवाळांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद होत होती. म्हणून बॉर्गेसन यांचे लेख आपल्यासाठी मौल्यवान आहेत. किनारा बदलण्याआधी तिथे काय होतं, याचा दुसरा तितका पद्धतशीर पुरावा सहजी हाती लागत नाही.

पण त्यांचा प्रवास हिवाळ्यातला होता, आणि ते साहजिकच आहे. कोकण किनाऱ्यावर पावसाळा ओसरला, पाणी निवळलं की शेवाळ जोर धरतं. सरगॅसमसारखी तपकिरी शेवाळं थंडीत भरात येतात आणि फळतात. मे महिन्यात त्याच खडकावर जा, ऊन आणि कोरड्या ओहोटीने बरंच काही करपून गेलेलं असतं. आणि जून ते सप्टेंबर? तेव्हा खवळलेल्या समुद्रात खडकावर उतरतंय कोण! नारळी पौर्णिमेपर्यंत कोळीबांधवही होड्या ओढून ठेवतात.

म्हणजे माझ्या तुलनेत एका पारड्यात हिवाळा होता आणि दुसऱ्यात वैशाख. त्यातून निघालेला 'नामशेष' हा शब्द शेवाळांबद्दल काही सांगत नव्हता, फक्त माझ्या वेळापत्रकाबद्दल सांगत होता.

जगणं वेगळं, वंश चालवणं वेगळं

1947 मध्ये लुईस हचिन्स यांनी समुद्री जीवांच्या भौगोलिक सीमांवर एक निबंध लिहिला. शोधप्रस्तावाआधी तो जरूर वाचावा असं मी म्हणेन. त्यांनी सीमा दोन प्रकारच्या धरल्या: जिथे जीव मरतो ती, आणि जिथे तो जगतो पण पुढची पिढी उभी राहत नाही ती. दोन्ही प्रकार उन्हाळ्यात लागू होऊ शकतात, हिवाळ्यातही. म्हणजे एकूण चार कुंपणं. एखादी जात तुमच्या किनाऱ्यावर नसेल तर ती यांपैकी कुठल्या कुंपणाशी अडली, ते आधी शोधायचं.

केल्पमध्ये हे कुंपण प्रयोगशाळेत स्वच्छ दिसलं ते 1970 च्या दशकात. क्लाउस ल्यूनिंग आणि मॅथ्यू ड्रिंग यांनी 1972 मध्ये दाखवलं की लॅमिनेरिया सॅकॅरिनाचा मादी धागा अंडं घालण्यासाठी निळ्या प्रकाशाची वाट पाहतो. लाल प्रकाशात ठेवला तर तो नुसता वाढत राहतो. मरत नाही, पण वंशही चालवत नाही. निळा प्रकाश पुरेसा मिळाला की अंडी तयार होतात. पुढे ल्यूनिंग आणि मायकेल न्यूशल यांनी कॅलिफोर्नियाच्या केल्पवर प्रकाश आणि तापमान दोन्ही एकत्र तपासले, आणि धाग्याची वाढ व धाग्याचं फळणं यांच्या गरजा वेगळ्या आहेत हे पक्कं झालं. साधारणपणे धागा जितकं गरम पाणी सोसतो, तितक्या गरम पाण्यात तो फळत नाही.

यादी एवढ्यावर संपत नाही. अंडं तयार व्हायला पाण्यात लोह लागतं. अंडं बाहेर पडतं ते अंधार झाल्यावर. मादी एक गंधद्रव्य सोडते, त्यावर नर शुक्रपेशी सोडतो. म्हणजे दोन्ही धागे जवळजवळ हवेत, बीजाणू दाट पडलेले हवेत. आणि मोठ्या झाडावर सोरस कधी धरायचा हे काही जातींत दिवसाच्या लांबीवर ठरतं. लहान दिवस आले की झाडाला कळतं, आता वेळ झाली.

आता मुंबईचं पाणी डोळ्यांसमोर आणा. थंडीतसुद्धा ते 24-25 अंशांच्या खाली फारसं जात नाही, मे महिन्यात 30 च्या आसपास असतं. शिवाय गढूळ. खाड्यांमधून येणारा गाळ आणि पाण्यात विरघळलेली पिवळट द्रव्यं प्रकाश खातात, आणि त्यात सगळ्यात आधी निळाच प्रकाश जातो. वाहत आलेला एखादा केल्पचा बीजाणू इथे कसाबसा तगलाच, तरी त्याला अंडं घालण्याची खूण कुठून मिळणार? 'पाणी गरम आहे' या उत्तराच्या आत एवढं सगळं दडलेलं आहे.

एकच मान्सून, दोन किनारे

'अरबी समुद्रात केल्प नसतंच' असं मात्र लिहू नका. ओमानच्या दक्षिणेला धोफारच्या किनाऱ्यावर एकलोनिया रेडिएटा नावाचं केल्प आहे. 1980 च्या दशकात तिथल्या केल्प-समूहांचा पद्धतशीर अभ्यास झाला.

ते तिथे कसं? आपल्याच नैर्ऋत्य मान्सूनमुळे. जून ते सप्टेंबर हे वारे ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतात आणि वरचं गरम पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात. त्याच्या जागी खोलातलं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. भर उन्हाळ्यात तिथला समुद्र 20 अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो, आणि शेवाळाला बहर येतो. जो वारा लालबाग-परळला पाणी तुंबवतो, तोच समुद्राच्या पलीकडे केल्पला थंडावा देतो. अक्षांशात मुंबई आणि धोफार फार लांब नाहीत. नुसत्या अक्षांशावरून अंदाज बांधला असता तर हे केल्प कागदावर कधीच सापडलं नसतं.

याच एकलोनियाने धोक्याची घंटाही वाजवली आहे. 2011 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळ समुद्रात उष्णतेची लाट आली. त्यानंतर केल्पची सीमा सुमारे 100 किमी मागे सरकली, आणि पाणी पुन्हा थंड झाल्यावरही जंगल परतलं नाही. मोठी झाडं गेली, नवी पिढी उभी राहीना, आलेले कोंब उष्ण पाण्यातले मासे खाऊन टाकू लागले. जगण्याचं कुंपण मागे सरकलं होतं, तरी वंशाचं कुंपण जागेवरच उभं होतं.

पावसात येणारं शेवाळ

आपल्या कोकण-गोव्याच्या खडकांवर याचा घरचा दाखला आहे, फक्त तो तपकिरी नसून लाल शेवाळाचा आहे. पॉर्फायरा व्हिएतनामेन्सिस हे जपानी नोरीच्या कुळातलं पातळ, जांभळट पातं पावसाळ्यात उगवतं आणि पावसाळा संपला की दिसेनासं होतं. (अलीकडे त्याचा वंश बदलला, आधी पायरोपिया आणि मग आणखी पुढे. जुनं साहित्य धुंडाळताना पॉर्फायरा या नावाने शोधा, नाहीतर निम्मे लेख हातचे जातील.)

मग उरलेले महिने ते असतं कुठे? हे कोडं मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी 1949 मध्ये सोडवलं. ब्रिटनच्या पॉर्फायराचे बीजाणू त्यांनी शिंपल्यांवर टाकले. ते शिंपल्याच्या आत शिरले आणि त्यांचे गुलाबी धागे झाले. हे धागे शास्त्रज्ञांना 1892 पासून कॉन्कोसेलिस या नावाने माहीत होते, पण स्वतंत्र जात म्हणून! एकाच जिवाची दोन रूपं दोन नावांनी पन्नासहून अधिक वर्षं नांदत होती. ड्रू-बेकर यांचं 'नेचर'मधलं टिपण अगदी छोटं आहे. 1928 मध्ये लग्न झाल्यावर त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली होती, कारण विवाहित स्त्रियांना तिथे कामावर ठेवत नसत. पुढचं संशोधन त्यांनी पगाराशिवाय केलं, हे त्या टिपणात कुठेच लिहिलेलं नाही.

जपानमध्ये या टिपणाने क्रांती केली. तोवर नोरीची शेती म्हणजे जुगार होता, बी कुठून येतं हेच कुणाला माहीत नव्हतं. आता शिंपल्यांवर धागे वाढवायचे, पाण्याचं तापमान आणि दिवसाची लांबी सांभाळायची, आणि वेळ साधून बीजाणू जाळ्यांवर धरायचे, असं तंत्र बसलं. क्युशू बेटावर उतो इथे 1963 मध्ये तिथल्या लोकांनी ड्रू-बेकर यांचं स्मारक उभारलं. त्या स्वतः 1957 मध्येच वारल्या होत्या, जपानला त्या कधी गेल्याच नाहीत.

आपल्या पॉर्फायराची आणखी एक गंमत. हीच जात थायलंडच्या आखातावर दिसते ती तिथल्या ईशान्य मान्सूनच्या महिन्यांत, म्हणजे आपल्याकडे थंडी असते तेव्हा. कॅलेंडर वेगळं, ऋतू वेगळा, पण लाटांचा मारा, उतरलेलं तापमान आणि ढगाळ आभाळ तेच. शेवाळ महिना वाचत नाही, पाणी वाचतं.

म्हणून हिवाळ्यात केलेली यादी कितीही काटेकोर असली तरी पावसाळी पात्याबद्दल ती काही बोलू शकत नाही. आणि एप्रिलात केलेली माझी फेरी तर दोन्ही बहरांच्या मधली. जीव होते, पण कदाचित शिंपल्यात, कदाचित खडकाच्या भेगेत, डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपात.

मग आपण काय करायचं

किनारा आजही बदलतोय. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतच्या कोस्टल रोडसाठी समुद्रात भराव पडला आणि हाजी अली-वरळीच्या काही खडकांचं रूप पालटलं. 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीला खडकावर फिरून फोटोसकट नोंदी ठेवतायत, आणि त्या पुढच्या पिढीला बॉर्गेसनसारख्याच उपयोगी पडतील. 'आधी काय होतं' हा प्रश्न आता कोर्टातही विचारला जातो आणि पर्यावरण परिणामांच्या अहवालातही. म्हणूनच 'नामशेष' हा शब्द घाईने लिहिणं परवडत नाही. खोटा निघाला तर पुढचा खरा इशाराही कुणी ऐकणार नाही. आणि उलट बाजूने, 'यादीत नव्हतंच, मग गेलं काय?' असं म्हणून भराव टाकणाऱ्यालाही तीच अर्धी यादी पुरते.

माझ्या वहीत आता प्रत्येक नोंदीला पाच रकाने आहेत: तारीख आणि तिथी, ओहोटीची वेळ आणि उंची, पाण्याचं तापमान व क्षारता, शेवाळ कशावर बसलंय, आणि ते फळलंय का. तिथी गंमत म्हणून नाही. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठी भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, ओहोटी सकाळ-संध्याकाळ. तिथी कळली की खडक कधी उघडे पडतील त्याचा अंदाज बसतो. गिरगाव चौपाटीवर अनंत चतुर्दशीला विसर्जनाला थांबलेल्या कुणालाही हा हिशेब शिकवावा लागत नाही.

पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक जुन्या याद्यांत तोच नसतो. पात्यावर सोरस आहे का, सरगॅसमला फळधारी फांद्या आल्यात का, लाल शेवाळावर बीजाणूंचे दाणे दिसतात का, हे भिंगाने दोन मिनिटांत पाहता येतं. 'आढळलं' एवढ्या शब्दाने फक्त जगण्याचं कुंपण कळतं. 'फळलेलं आढळलं' म्हटलं की वंशाचं कुंपणही कळतं.

मसुद्यातलं वाक्य मी बदललं. आता ते असं आहे: 'या प्रजाती एप्रिल-मेमध्ये आढळल्या नाहीत; पावसाळी व हिवाळी पाहणी बाकी आहे.' वाचायला फिकं आहे, पण खरं आहे. मॅडमनी यावेळी रेघ मारली नाही. शेजारी एवढंच लिहिलं, 'ऑगस्टमध्ये जा. छत्री नको, दोर ने.'